तिळाएवढा फ्यूज

अण्णा, तुमच्या टीव्हीच्या दुकानात आता मी लॅपटॉप दुरुस्त करते. खुर्ची तुमचीच, करंट तपासायचा मीटरही तुमचाच. गिऱ्हाईक मात्र तुमच्या वेळेसारखं बसत नाही. लोक गाडी बंद न करताच वस्तू माझ्या हातात देतात, ‘झालं की फोन करा’ म्हणतात आणि जातात. एखाद्या दिवशी माझ्या तोंडून दहा वाक्यंही निघत नाहीत.

सोमवारी एक म्हातारे मास्तर फुटक्या स्क्रीनचा लॅपटॉप घेऊन आले. करमाळ्याला नोकरी केली, आता सोलापुरात एकटेच राहतात. परदेशातली नात दर रविवारी त्या लॅपटॉपवर दिसते, त्यासाठीच ते आठवडा ढकलतात. मी स्क्रीनचं नवं पॅनेल बसवलं. लॅपटॉप सुरू झाल्याचा आवाज आला, पण स्क्रीन काळीच. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तर आत नातीचा फोटो पुसट दिसत होता. म्हणजे चित्र येत होतं, त्याच्यामागचा उजेड तेवढा गेला होता. लॅपटॉप बंद केला होता, पण आतली बॅटरी न सोडवताच मी पॅनेलची केबल खोचली होती. बोर्डावरचा बॅकलाइटचा फ्यूज, तिळाएवढा, त्यात उडाला.

आणि एकदम मी नववीत आहे. टीव्हीचं मागचं झाकण उघडं आहे, मी आत हात घालते आणि तुम्ही मनगटावर फटका मारता. “बटण बंद केलं म्हंजे करंट मेला न्हाय. कितींदा सांगू तुला?” मी रुसून घरी जाते. जेवताना तुम्ही शेजारी पाट ओढता आणि माझ्या ताटात कडक भाकरी मोडून देता. तेव्हा तो फटका मला फार लागला होता. सोमवारी वाटलं, आज कुणीतरी मारायला हवा होता. माझी चूक बघायलाही दुकानात कुणी नव्हतं, अण्णा. इतकं एकटं मला तुम्ही गेलात तेव्हाही वाटलं नव्हतं.

पॅनेलवर खापर फोडता आलं असतं, पण संध्याकाळी मास्तर आले तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. “सर, चूक माझीच. फ्यूज मिळेपर्यंत थांबावं लागंल.”

“असू द्या की. रविवार लांब हाय. तवर मी हितं येऊन बसलो तर चालंल का?”

तेव्हापासून रोज चार वाजता ते येतात, येतानाच दोन चहा सांगून येतात. शाळेतल्या मुलांच्या खोड्या सांगतात, तुमच्याबद्दल विचारतात. फ्यूजच्या जागी तार लावून दिली म्हणून तुम्ही कारागिराला दुकानातून कसं घालवलंत, ते ऐकून खूप हसले. दुकानात असं कुणी हसून किती वर्षं झाली, आठवत नाही.

फ्यूज बुधवारी मिळाला. गुरुवारी सकाळी बसवला आणि स्क्रीन लख्ख उजळली. चारला मास्तर आले, “झालं का वो?” मी म्हटलं, “अजून नाही सर.” शुक्रवारीही तेच. आज शनिवार. निघताना त्यांनी विचारलं, “उद्या नात दिसंल न्हवं?” मी म्हटलं, “बघते.” लॅपटॉप टेबलाखाली माझ्या पायाशी होता.

उद्या सकाळी त्यांच्या घरी नेऊन देणार आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. सोमवारी चार वाजता ते येतील का, हे विचारायला तुमच्याशिवाय मला कुणी नाही.