लाल टिपका आणि वाढीव वॉरंटी

आबा, उद्या आखाजी, आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त म्हणून उद्याच आमच्या दारात गाडी येणार आहे. चारचाकी, पांढरी, माझ्या नावावरची. आमचे हे चालवणार नाहीत, त्यांना आपली स्कूटरच बरी. चालवणार मी, या वयात शिकून. हसू नका. पण लिहायला बसले ते गाडीचं कौतुक सांगायला नाही. शोरूमवाल्या बाईंनी एक कागद हातात दिलाय, त्यावर हो की नाही ते उद्या सकाळी सांगायचंय, आणि दोन दिवस झाले मला काही सुचत नाहीये. कंपनी तीन वर्षांची वॉरंटी देतेच. त्यावर आणखी चार वर्षांची हवी असेल, तर गाडी ताब्यात घेतानाच वेगळे पैसे भरून घ्यायची. घेऊ की नको, एवढाच प्रश्न. हे म्हणतात, "घेऊन टाक की, डोक्याला ताप नाही." माणूस सरळ आहे, त्यांच्या डोक्याला कशाचाच ताप होत नाही.

मला तो होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लग्न होऊन जळगावला आले आणि पाइपच्या कारखान्यात लागले, तेव्हापासून मी एकच काम करत आले. तयार पाइपात पाणी भरायचं, तो फुटेपर्यंत दाब वाढवत न्यायचा आणि कुठे फुटला, का फुटला, ते बघायचं. त्यामुळे कुणी "टिकेल" म्हटलं की माझ्या तोंडून आधी निघतं, "कधीपर्यंत?" शोरूमच्या बाईंना मी अगदी भंडावून सोडलं. इंजिन यात धरलंय का? धरलंय. गिअर? धरलाय. क्लचची झीज? ती नाही. रबरी नळ्या? त्या नाहीत. आणि उंदराने वायर कुरतडली तर? बाईंनी यादी पुन्हा वाचली, मग म्हणाल्या, "उंदीर नाही मॅडम." ह्यांनी तोंडावर रुमाल धरला. मी पुढचं पान उलटलं, आणि तिथे ते वाक्य होतं. गाडी बाहेरच्या कुठल्या मेकॅनिकने उघडल्याचं दिसलं, तर वॉरंटी बाद.

अगंबाई, हे तर आपलंच, असं मी मोठ्यानेच म्हणाले. आपलं धुळ्याचं दुकान डोळ्यांपुढे उभं राहिलं. घराच्या पुढच्या खोलीत तुम्ही खाली पोत्यावर बसलेले, मांडीशी विहिरीची जळकी मोटार, शेजारी तांब्याच्या तारेची रिळं, आणि वार्निशचा तो वास जेवणाच्या ताटापर्यंत येणारा. आई कळण्याची भाकरी थापता थापता आतून ओरडते आहे, "हात धुवा हो आधी," आणि तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखे तार गुंडाळता आहात. नव्या तारेने मोटार भरून झाली, झाकणाचे बोल्ट आवळले की तुम्ही मला हाक मारायचे आणि मी लाल रंगाची डबी घेऊन यायचे. तुम्ही काडी बुडवून एका बोल्टावर टिपका ठेवायचे, अर्धा बोल्टावर, अर्धा झाकणावर. बोल्ट जरा जरी फिरला तर टिपका तुटणार. शेतकऱ्याला सांगणं एकच. टिपका शाबूत असेल आणि मोटार वर्षाच्या आत जळली, तर फुकट भरून देईन. ना पावती, ना शिक्का. कुणी फार खोदून विचारलं तर तुम्ही नुसते म्हणायचे, "मी शे ना!"

एकदा मी शहाणपणा केला होता, आठवतं? तुम्ही चहाला गेलेले, आणि ओळीने ठेवलेल्या तीन मोटारींना मीच टिपके देऊन टाकले. त्यातल्या एकीचे बोल्ट तुम्ही अजून आवळलेलेच नव्हते. मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. तुम्ही हात उगारला नाहीत, पण रॉकेलची चिंधी माझ्या हातात दिलीत आणि तिन्ही टिपके पुसायला लावलेत. पुसून होईपर्यंत समोर उभे राहिलात आणि म्हणालात, "पोरी, हाऊ रंग नही, हाई मन्हं तोंड शे." मला खूप राग आला होता. एवढ्याशा रंगाला म्हणे माझं तोंड, काय ते कौतुक, असं मी आईला जाऊन सांगितलं. आई हसली आणि तिने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

तर मुद्दा असा, की कंपनीचा नियम तुमचाच आहे, फक्त बारीक अक्षरांत छापलेला. मग मला एवढं अडतंय कुठे? मी त्या बाईंना शेवटचा प्रश्न विचारला तो हा, की मी मेले तर वॉरंटीचं काय? ह्यांनी कपाळाला हात लावला. शुभ कामाला आलोय गं, म्हणे. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "गाडीबरोबर राहते मॅडम. पुढे ज्याच्या नावावर गाडी जाईल, त्याला मिळते." मी म्हटलं, "घेणारा मेला तर ठीक. देणारा मेला तर?" त्या खळखळून हसल्या. "कंपनी कशी मरेल, मॅडम?" त्यावर मी कागदाची घडी घातली आणि उठले, आणि माझे प्रश्न संपले याचं ह्यांना इतकं नवल वाटलं की वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना.

बरं कुठलं वाटतंय! देणारा मेला तर काय होतं, ते मी पाहिलंय, आबा. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला तुम्ही नव्हतातच. तुम्हाला जाऊन महिना झाला होता. आई मामाकडे गेलेली, तुमची हत्यारं गल्लीच्या टोकाच्या, मोटारीच भरणाऱ्या दुकानदाराने नेलेली, आणि मी एकटी घरी. नरडाण्याकडचा एक शेतकरी टेम्पोत मोटार घालून आला. पायरीवर ती उतरवून त्याने तुम्ही कुठे आहात म्हणून विचारलं, "आबा कथा शेतस?" मी बघितलं, तर बोल्टावर तुमचा टिपका, जसाच्या तसा. वर्ष व्हायला अजून अवकाश होता. तो टेम्पोवाल्याला थांब म्हणून सांगायला वळला, आणि मी अंगठ्याच्या नखाने टिपका खरवडला.

तो परत आल्यावर मी म्हणाले, "आबा वारले. पण ही मोटार तुम्ही बाहेर उघडलीय, टिपका तुटलाय. आबा असते तरी भरून दिली नसती." असं मी म्हणाले! तो वाकला, बोल्टाकडे पाहत राहिला. "अक्का, मी ते हात बी लावेल नही," एवढंच बोलला. आल्या माणसाला पाणी द्यावं म्हणून मी तांब्या आणला, त्याच हाताने पुढे केला, आणि नखात तुमचा लाल रंग भरलेला. त्याने तो पाहिला. पाणी प्यायला, तांब्या जपून पायरीवर ठेवला, "आबा देवमाणूस व्हतात," म्हणाला आणि मोटार उचलून गेला. त्याचं पीक उन्हात उभं होतं, आबा. त्यानंतर किती दिवस त्याने पाण्यावाचून काढले असतील, मला माहीत नाही. मी कधी विचारायला गेले नाही.

"आबा गेले, आता जमणार नाही," एवढं सांगितलं असतं तरी तो मुकाट्याने परत गेला असता. मग मी असं का केलं? इतकी वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारत सुटले, पण या एका प्रश्नाच्या वाटेला गेले नाही. या कागदापायी दोन दिवसांत तो उकलला. तुमची गॅरंटी तुमच्याबरोबर संपली, हे माझ्या जिभेवर येईना. तुमचा शब्द खरा राहावा म्हणून मी त्या माणसाला खोटं पाडलं. मला स्वतःची लाज वाटते, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे सांगायचीही लाज वाटते.

आता पितरांची घागर भरून ठेवलीय, वर खरबूज, आपलं डांगर, ठेवायचं तेवढं राहिलंय. उद्या पितरांना घास टाकला की शोरूमला जाणार आणि त्या कागदावर सही करणार. हे म्हणतील, बघ, मी तेच सांगत होतो. म्हणू देत. गाडी बिघडेल की नाही याचा हिशेब मी सोडून दिलाय. बिघडलीच, तर गेलेल्या माणसाच्या शब्दापायी कुणाची लेक उंबऱ्यावर एकटी सापडू नये, एवढ्यासाठी घेते आहे.

हे पत्र गाडीच्या कागदांच्या पाकिटात राहील. आणि एक सांगायचं राहिलं. हत्यारं नेणारे ते दुकानदार तेव्हाच मला म्हणाले होते, "आबांच्या टिपक्याची मोटार आली तर माझ्याकडे पाठव, पोरी, मी फुकट भरून देईन." त्यांचं दुकान चार घरं सोडून होतं, आणि त्या दिवशी उघडं होतं.