उघड्या मस्तकाने

मंगळवार, चौदा तारीख

प्रिय भिंगरी,

बाबाचा सप्रेम सलाम. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या लग्नाआधीपासूनच कुरकुरतोय. जावईबापूंना सलाम सांग. तुझा खोकला गेला का? गरम पाणी पीत जा, नुसतं हो हो म्हणू नकोस.

फोनवर चेहरा दाखवा म्हणून तू सारखी मागे लागतेस आणि मी कॅमेरा बिघडलाय म्हणतो. तो बिघडलेला नाही. कारण पुढे लिहितो. आधी बाकीचं लिहून घेऊ दे.

रविवारी चर्चच्या उपासनेत आईच्या स्मरणाची प्रार्थना ठेवली आहे. पाळकसाहेब म्हणाले, पुढे उभं राहून प्रार्थना तुम्हीच करायची. मी हो म्हणून बसलो आणि तेव्हापासून पस्तावतोय. तू येणार याचा आनंद आहे. आनंद नाही असं समजू नकोस.

आईची वेणी काढून ठेवा, जाताना नेईन, असं तू म्हणालीस. केस नीट आहेत. उंदराने कुरतडलेले नाहीत, कसर लागलेली नाही. सदैव माझ्याजवळच असतात. त्यांची काळजी करू नकोस.

इथलं काम हलकं आहे. मंडळीने प्रार्थनाघरामागची खोली दिली, त्या बदल्यात झाडलोट करायची आणि उपासनेच्या वेळी दाराशी उभं राहायचं. दाराजवळ खुंट्या आहेत. पुरुषांनी टोप्या तिथे अडकवायच्या आणि उघड्या डोक्याने आत जायचं. पुरुषाने डोकं झाकून प्रार्थना केली तर तो आपल्या मस्तकाचा अपमान करतो, असं प्रेषिताने लिहून ठेवलंय. माझी शाळा सातवीत सुटली, खोल अर्थ मला कळत नाही. पण दाराशी उभं राहायला तेवढं पुरतं.

मागे एका रविवारी आमचा नळवाला लोकरी टोपी घालून आला. कानात कापूस. मी म्हटलं, "टोपी काढा."

"काका, कान ठणकतोय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"नियम तो नियम."

"देव काय माझ्या कानाचा वैरी आहे?"

"ते आत जाऊन त्यालाच विचारा. टोपी इथे."

त्याने टोपी ओढून काढली आणि म्हणाला, "आज टोपी काढायला लावताय, उद्या केसही काढायला लावाल!"

सगळे हसले. मीही हसलो. पण भिंगरी, मी खुंटीला धरून उभा राहिलो.

त्यात पाळकसाहेबांनी त्या दिवशी त्याच वचनावर उपदेश केला. म्हणाले, दाराशी उभ्या असलेल्या आपल्या काकांकडून शिका. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याखाली होतो, तो हळूच सरकून भिंतीशी गेलो.

आता लिहितोच. इथे मला टकलू म्हणून कोणी ओळखत नाही. इथे मला दाट काळे केस आहेत. भुवया पांढऱ्या आणि डोकं काळंभोर. बायका विचारतात, काका, तेल कुठलं लावता? मी म्हणतो, देवाची कृपा. ते केस दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने बसवतो आणि झोपताना उलट्या पातेल्यावर ठेवतो. शिंक आली की हात नाकाकडे न जाता डोक्याकडे जातो.

पाळकसाहेबांना आडून विचारून पाहिलं. "साहेब, एखाद्याचे केस खोटे असले, तर त्याचं डोकं झाकलेलं म्हणायचं की उघडं?"

ते हसले. "काका, तुम्हाला कशाला ही चिंता? तुमचं रान तर चांगलं दाट आहे!"

तिथेच सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, फरशी ओली आहे, सांभाळून जा.

खोटे केस तरी कसे म्हणू? ज्या डोक्यावर उगवले, तिथे ते खरेच होते. ते तुझ्या आईचे आहेत.

केस गळवणारं ते औषध सुरू व्हायच्या आधी तिने वेणी माझ्याकडूनच कापून घेतली. खुर्चीवर ताठ बसली आणि म्हणाली, "घाबरता काय, मान नाही कापायची." पुढे ती गेली, दफन झालं, तू परत गेलीस. वेणी पिशवीत आणि मी खोलीत. पिशवी उघडली की झोप नाही, बंद ठेवली तरी नाही. शेवटी नाटकवाल्यांचे केस बनवतो त्या कारागिराकडे नेली. काय करायचं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं, "कोणाच्या मापाचं?" आणि मी माझंच डोकं पुढे केलं. नंतर या नव्या गावी आलो. पहिल्या दिवशी घालून बाहेर पडलो तो अडकलोच. आता काढू कसे?

त्याच वचनात पुढे आहे, बाईला लांब केस पांघरुणासाठी दिलेले असतात. म्हणजे तिचं पांघरूण मी ओढून घेतलं, आणि तेच घेऊन देवाच्या दाराशी लोकांच्या टोप्या काढतो. घातले तर देवापुढे डोकं झाकलेलं, काढले तर मंडळीपुढे उघडा पडलो. नळवाला तर गल्लीभर सांगत सुटेल. खोलीही राहील की नाही कोण जाणे. आज सकाळी काढून दाराच्या कडीपर्यंत गेलो होतो. बाहेर दूधवाल्याचा आवाज आला आणि परत घातले.

हेही लोकांचंच झालं. खरी भीती तुझी आहे. तू आल्या आल्या माझ्या टकलावर टिचकी मारतेस. लहानपणी ती वेणी मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हतीस. तुझ्या बोटांना कळल्यावाचून राहणार नाही.

आणखी एक राहिलं. इतका वेळ तेच टाळत होतो. वेणी कापून झाल्यावर आईने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही भिंगरीसाठी." मी ते नीट ऐकलं होतं. ऐकूनही नेली.

रविवारी उपासनेआधी ये. मी दाराशी असेन. डोकं उघडं दिसलं तर केस खोलीत पातेल्यावर आहेत, ते घे, ते तुझेच. पण माझा मला भरवसा नाही. केस डोक्यावरच दिसले, तर सलाम करू नकोस, आत जाऊ नकोस. मी सगळ्यांना सांगतो तसंच मला सगळ्यांदेखत सांग, "बाबा, डोकं उघडं करा." तू म्हणालीस तर करीन. मग वाटलं तर टिचकी मार.

दाराशी तुझी वाट पाहणारा,
तुझा टकलू बाबा