सासूबाईंसाठी एक लांबकान्या

ईस्टन, पोर्टलंड बेट
शनिवार, दुपार

तीर्थरूप हेडलीमामांच्या चरणी भाचा सायलस याचा दंडवत.

तुमची कंबर वाकल्यावर पुन्हा सरळ होते की नाही, ते कळवावे. मामीच्या खोकल्यासाठी थर्झाने मध पाठवला आहे, तो तुम्ही पावाला लावून संपवू नये. मी आणि थर्झा ठीक आहोत. सासूबाईंचं मात्र काही खरं नाही. उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळल्या आहेत आणि ताट समोर आलं की भिंतीकडे तोंड करतात. डॉक्टर म्हणतात, आजार असा नाहीच, पण नव्वदीच्या बाईने जेवणच सोडलं तर मी औषध देऊ कशावर? एकदाच त्या आपणहून बोलल्या, "आई करायची तसा लांबकान्याचा रस्सा मिळाला तर दोन घास घेईन. बाजारातला नको, आपल्या बेटावरचा." म्हणून तर मी तुमची छर्ऱ्याची बंदूक मागवली. तुमची बहीण, माझी आई, गेल्यावर मला हक्काने रागावणाऱ्या सासूबाईच उरल्यात, मामा. त्या जाऊ नयेत असं मला फार वाटतं.

तुमचं सल्ल्याचं पत्र पोचलं, पण अर्धंच. त्या प्राण्याचं नाव जिथे जिथे होतं तिथे थर्झाने शाई फासली आणि मगच पत्र उंबऱ्याच्या आत घेतलं. तुम्ही खाडीपलीकडचे, तुम्हाला हे खूळ वाटणार. पण आमच्या तीन पिढ्यांनी दगडाच्या खाणीत हाडं झिजवली. हे प्राणी बिळं करून जमीन पोखरतात आणि मग खाणीचा कडा माणसांवर कोसळतो, म्हणून इथे त्यांचं नाव घेत नाहीत. चुकून कानावर पडलंच, तर खाणवाला हत्यारं खाली ठेवतो, घरी जातो आणि दुसऱ्या दिवशीच कामाला येतो. (आमचे आजोबा तर भर लग्नातून निघाले होते. पाद्री नवा होता, पलीकडून आलेला.)

आता परवानगीचं ऐका. लांबकाने आहेत पेव्हरेलसाहेबांच्या शेतात, आणि हे साहेब बँकेतून निवृत्त होऊन पलीकडूनच आलेले. मी टोपी हातात घेऊन म्हणालो, "तुमच्या शेतात संध्याकाळी जरा बंदूक चालवीन म्हणतो."

"कुणावर?"

"ते नाही का, तुमचा कोबी खातात."

"शेजारच्या मिसेस फ्ल्यू?"

शेवटी मी डोक्यावर दोन हात उभे धरून अंगणात दोन उड्या मारल्या, तेव्हा परवानगी मिळाली. मिसेस फ्ल्यू कुंपणापलीकडून हे सगळं बघत होत्या आणि त्या दिवसापासून माझ्याशी फार हळुवार बोलतात.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे आधी परसात सराव केला. नेम एकाच अंतरावर पक्का करावा आणि त्याहून लांबच्यावर छर्रा वाया घालवू नये, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. आमच्या परसाच्या लांबीवर बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाची आता चाळण झाली आहे (त्यात बिस्किटं होती हे थर्झाने मला नंतर सांगितलं). डोळा आणि कान यांच्या मधे मारावं, म्हणजे जीव तळमळत नाही; आणि तेवढी खात्री नसेल तर मारूच नये, हेही पाठ केलं. वारा तोंडावर घ्यायचा, अंगात सळसळणारा कोट घालायचा नाही, दगडी बांधाच्या सावलीत पालथं पडायचं आणि वाट बघायची.

पण मामा, या वाट बघण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नव्हतंत. गवतात गाल टेकला की थोड्या वेळाने माणूस आहे की बांधाचा दगड, तेच कळेनासं होतं. समुद्रावरचं ऊन हळूहळू पिवळं होतं, मग तांबूस. काटेरी झुडपांच्या फुलांचा गोड वास येतो, दूर एखादं जहाज पाण्यावर आहे की आभाळात ते ठरत नाही. आणि मग बिळाच्या तोंडाशी एक नाक हलतं. एक बाहेर येतो, मागून दोन पिल्लं. कानांतून ऊन आरपार जातं आणि कान आतून गुलाबी पेटतात. आयुष्यभर या प्राण्यांना भ्यालो, पण नीट पाहिलं कधीच नव्हतं. एक जण मागच्या पायांवर बसून दोन्ही हातांनी तोंड धूत होता आणि मी बंदुकीच्या चापावर बोट ठेवून त्याचं तोंड धुऊन होण्याची वाट बघत होतो. तोंड धुणाऱ्यावर कसं मारायचं?

तरी बाकीच्यांवर मारलंच असतं. पण नेम बसला, श्वास रोखला, की बांधावरून पेव्हरेलसाहेबांचं डोकं वर येतं आणि ते अगदी प्रेमाने ओरडून विचारतात, काय मिळाले का, आणि पुढे तो शब्द. स्वच्छ, खणखणीत, भर शेतात. झालं. शिकार हेही कामच. बंदूक मधोमध दुमडून काखेत घालायची आणि घरी यायचं. रोज हेच. कितीदा सांगितलं, साहेब, नाव घेऊ नका. ते म्हणतात, "कुणाचं?" आता मी काय सांगणार?

घरी आलो की सासूबाईंपुढे हजेरी असते. आज काय झालं, कुठे पडला होतास, मिसेस फ्ल्यू काय म्हणाल्या, सगळं सांगावं लागतं, आणि मी शरमेने मान खाली घालून सांगतो. शेजारी थर्झा वाटी-चमचा घेऊन बसलेली असते. असं किती दिवस चालणार?

आपला,
सायलस

ता. क. खरं काम हे. तुमच्याकडे ते ढिगाने पडलेले असतात असं तुम्हीच लिहिलंय, तर एक सोलून, डोकं काढून, गुरुवारच्या बसने ड्रायव्हरच्या हाती पाठवावा. पुडक्यावर 'मटण' लिहावं. बेटावरचा म्हणून मी खपवीन.

ता. क. दुसरा. पाठवू नका. थर्झाने हे पत्र वाचलं (शाईची बाटली घेऊनच बसली होती) आणि म्हणाली, "अहो, वाटी रोज रिकामी होते, तुम्ही मान वर करून कधी बघितलंत? तुमची फजिती ऐकताना आई हसायला तोंड उघडते, आणि मी चमचा आत सारते. लांबकान्या घरी आला की गोष्ट संपली." तेव्हा आता मला रोज चुकायचं आहे. पण पेव्हरेलसाहेब महिनाभर लेकीकडे गेलेत, वारा पडलाय, आणि तुमच्या कृपेने माझा नेम काही केल्या चुकत नाही. न मारण्याची कारणं माझ्याकडे उरली नाहीत. मामी थर्झाला म्हणाली की चाळीस वर्षांच्या संसारात तुम्ही एकही लांबकान्या घरी आणलेला नाही आणि रोजचं कारण मात्र वेगळं असायचं. ती सगळी कारणं उलट टपाली पाठवा. रचलेली नकोत, सासूबाईंना लगेच कळतं. तुमची स्वतःचीच पाठवा.