जिन्याबाबत कडक धोरण

४ जानेवारी १९८८, जळगाव
जिन्याची तिसरी पायरी अखेर निखळली. कुंदा कळशी घेऊन वर येत होती. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. घरमालक रतिलालनाना खालीच राहतात. बाहेर येऊन म्हणाले, "वहिनी, जपून चालायचं ना!" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की समजायचं ते समजले असतील.

५ जानेवारी
गिरधर वकिलांना भेटलो. कायदा आपल्या बाजूने. आधी लेखी नोटीस. नाही ऐकलं तर नगरपालिकेत तक्रार, इंजिनिअर पाहणीला येतो. मग कोर्ट, दवाखान्याचा खर्चही मागता येतो. "फक्त भाडं थांबवू नका, नाहीतर तुम्हीच बाहेर." कुंदाने विचारलं, आजच देताय ना नोटीस? म्हटलं, योग्य वेळ पाहून. म्हणाली, "पायरीने पाहिली होती का वेळ?" दुखण्याने माणूस चिडचिडा होतो.

७ जानेवारी
नोटीस टाइप केली. फार कडक. खाली गेलो. नाना केळीच्या ट्रकची वाट पाहत वैतागले होते. माणुसकी म्हणून परत आलो. पायरीच्या जागी एक वीट ठेवली. तात्पुरती.

८ जानेवारी
शेजारच्या बेबाबाई विटेवरून घसरल्या. थोडक्यात वाचल्या. "भाऊ, हाऊ जिना शे का सापळा? आनि ही ईट कोनी ठेवी?" विषय बदलला.

९ जानेवारी
नानांचं उद्या शेतावर भरीत पार्टीचं आमंत्रण. संधी! चार माणसांदेखत नोटीस हातात द्यायची, पहिल्या घासाच्या आधी. कुंदा म्हणाली, "भरीत समोर आलं की संपलात तुम्ही." तिला डावपेच कळत नाहीत.

१० जानेवारी, रविवार
कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. नाना स्वतः वाढत होते. वाढणाऱ्याच्या हातात नोटीस कशी देणार? जेवणानंतर आभार मानायला कोणीतरी हवं होतं. तोताराम मास्तरांनी माझं नाव सुचवलं. भाषण रंगलं. ओघात म्हणून गेलो, घरमालक असावा तर असा! टाळ्या. नाना म्हणाले, "ऐका रे! अन् घरात वहिनी जिन्याला नावं ठेवतात." सगळे हसले. मीही. पण जिन्याचा विषय त्यांनीच काढला. प्रगती आहे.

१३ जानेवारी
नगरपालिकेचा इंजिनिअर दारात! कुंदाने डाव्या हाताने तक्रार लिहून स्वतः नेऊन दिली म्हणे. त्याने जिना धोकादायक ठरवला. नाना भडकले. "हे कोणाचं काम?" मी ताबडतोब स्पष्ट केलं, माझा काहीही संबंध नाही. कुंदा मागेच उभी होती. वळून आत गेली. पटलं असावं.

१४ जानेवारी, संक्रांत
ऑफिसातून आलो तर घर रिकामं. बेबाबाई म्हणाल्या, "वहिनी गयी. बठ्ठं सामान हातगाडीवर ली गयी." पत्ता त्यांच्याकडेच ठेवला होता. धुरपदाअक्कांची तळमजल्यावरची खोली, भाडेकरू म्हणून कुंदाचं नाव.
वाटेत ठरवलं, नव्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून ठाम राहायचं.
दारातच अक्कांनी अडवलं. "तुम्ही कोण? कुंदाबाईंचे पाहुणे का?"
कुंदा आतून पाहत होती.
वाद नको म्हणून हो म्हणालो.
कुंदाने डाव्या हाताने तिळगूळ दिला आणि विचारलं, "परत कधी निघणार?"