दोरी बदललेलं धनुष्य

शारजा
शुक्रवार, १० ऑक्टोबर २००३

चि. सिद्धांत,
अनेक आशीर्वाद.

जुन्या धनुष्याचा खर्च एकदाचा मांडला. नवी दोरी, कार्बनचे सहा बाण, चमकणारी निशाणाची पिन आणि दोरी सोडायचं ते मनगटी बटण, सगळं मिळून आठशे दहा दिराम. म्हणजे दहा हजार रुपये धर. नवं धनुष्य चोवीसशेला होतं, म्हणून दुकानातून बाहेर पडताना मी खूश होतो. आता शिकारीहून परतून पाच आठवडे झाले, तू फोनवर ‘आय ॲम फाइन, बाबा’ एवढंच बोलतोस आणि फोन आईकडे जातो. हा खर्च कुठल्या रकान्यात टाकू?

इकडे सगळं ठीक. उन्हाळा ओसरलाय. हमरियात आपल्या वर्कशॉपच्या शेजारच्या शेडला नवा भाडेकरू आलाय, दिवसभर ग्राइंडर चालतो. आई तुझ्यासाठी चकलीची भाजणी करून बसलीये. दिवाळीला येणार नाही म्हणालास, तरी केलीच. मेसमध्ये जेवत नाहीस हे तुझ्या रूममेटने तिला सांगितलं. माझ्यापासून लपवलंय, पण माझे कान तुला माहीत आहेत.

त्याच कानांनी परतीच्या विमानातलंही ऐकलं. तुम्हाला वाटलं मी झोपलोय. तू आईला म्हणालास, “माय हँड शुक, आई. आय डिड दॅट टू इट.” आईने पांघरूण नीट केलं. मी डोळे मिटूनच होतो. तेव्हा बोलायला हवं होतं.

आफ्रिकेतल्या त्या शिकारीच्या फार्मवर पहिल्याच सकाळी मालक काय म्हणाला आठवतं? आधी टारगेटवर एक बाण मारून बघा, प्रवासात धनुष्याचा नेम हलतो. मी म्हणालो, “आमचं काम पक्कं असतं, साहेब. चार मोसम शिकार केलीये, माझा एकही बाण वाया गेलेला नाही.” तो हसला, तूही हसलास. बाप तोऱ्यात होता ना. नऊ वर्षं पलंगाखाली पडलेलं धनुष्य मी स्वतः उभं केलं होतं. दोन महिने आपण शेडमध्ये सराव केला होता. तीस मीटरवरून तुझे बाण माझ्यापेक्षा चांगले बसायचे, हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

आणि मग ते हरीण पाण्यावर आलं. नंबर माझा होता. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “तू मार.” तुला वाटलं मान दिला.

पुढचं लिहीत नाही, तू होतास. बाण खाली लागला, पाय मोडला, आणि आपण दुपारपर्यंत त्याच्या मागे फिरलो. सापडलं तेव्हा जिवंत होतं. बंदूक आणायला गेलेला माणूस परत येईपर्यंत तू त्याच्यासमोर बसून राहिलास. मी म्हणालो, “चल, बेटा, होतं असं.” तू म्हणालास, “इट्स लुकिंग ॲट मी.” मी गाडीकडे निघून गेलो.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. गेल्या शुक्रवारी शेडवर गेलो. जहूर मशीन पुसत होता. “सेठ, छुट्टी के दिन भी? यल्ला, घर जाओ, भाभी इंतज़ार करती होगी.” म्हटलं, हात लाव. आपण पाइप पकडतो तो मोठा व्हाइस आहे ना, त्याला रबर लावून धनुष्य आवळलं. पिन बरोबर टारगेटच्या मधल्या ठिपक्यावर ठेवली. हात कोणाचाच नाही. एकामागून एक तीन बाण सोडले. तिन्ही एकमेकांना चिकटून बसले, ठिपक्याच्या एक वीत खाली.

जहूर बघत राहिला. “सेठ, इसमें तो हाथ ही नहीं है. फिर ग़लती किसकी?”

मी म्हटलं, “खलास. चहा सांग.”

दोरी ताणून लांबली होती, सिद्धांत. आपण निघायच्या आधीच्या सोमवारी मी टेंडरसाठी अबुधाबीला गेलो. मित्राला दाखवायला म्हणून धनुष्य डिकीत नेलं. गाडी दिवसभर उघड्या पार्किंगमध्ये, ऑगस्टचं ऊन. डिकीचं झाकण उघडताना हात भाजला होता. नवी दोरी त्या भट्टीत सोडली मी, आणि परत आल्यावर एक बाणही मारून बघितला नाही. एवढी वर्षं इथे काढून हे मला सुचू नये.

तुझा हात हलला नव्हता. हलला असता तर बाण कुठेही गेला असता. तो नेमका एक वीत खाली गेला.

त्या हरणाला याचा काही उपयोग नाही, मला कळतं. पण तू जेव. दिवाळीला ये किंवा नको येऊस, तिकीट मी काढून ठेवतो. धनुष्य विकलं नाही, शेडमध्येच आहे. माझ्यावर ओरडायचं असेल तर फोन कर, आईकडे देणार नाही.

तुझा हात ज्याने पुढे केला तो,
बाबा

ता. क. फार्मवाल्यासमोर बोललो ते चार मोसम खरे आहेत. पण शिकार राजनकाका करायचा, मी त्याच्या मागे पाण्याचे कॅन घेऊन चालायचो. जनावरावर मी आजवर एकही बाण सोडलेला नाही.