गाडीमागचं फायबरचं घर

४ जानेवारी, रविवार
विलासने निवृत्तीनंतर नवं खूळ घेतलंय. गाडीच्या मागे जोडून ओढायची फायबरची खोली. आत पलंग, शेगडी, एवढासा संडास. सकाळपासून मोबाईलवर तेच. "साच्यातून काढलेले दोनच भाग, वरचा नि खालचा, मध्ये एकच जोड. गळणार कुठून? गंजणार नाही. वजन कमी, आपली गाडी सहज ओढेल." मी म्हटलं, घाटात? तर म्हणे, "हळू जाऊ ना. घाई कुणाला आहे?"
आणि ठेवणार कुठे? मुलुंडात स्कूटर लावायला जागा नाही.

७ जाने.
भिवंडीकडच्या एका शेडमध्ये जाऊन पाहिली. अंड्यासारखी गोल, गोड दिसते. खरं सांगायचं तर आवडली. पण दुपारी आत भट्टी. पलंगावर आडवे होऊन पाहिलं. एकाने कूस बदलली की दुसऱ्याची झोप गेलीच. विलासचे पाय भिंतीला. मान न वाकवता उभं राहता येतं ते फक्त मला.
हा मात्र पलंग-शेगडी सोडून संडासातच. कडी लावून बघ, बसून बघ. मालकसुद्धा हसला.

११ जाने., रवि.
केतकी घाटकोपरहून जेवायला आली. "बाबा, रिव्हर्स कसं घेणार? ट्रेलर उलटा वळतो. हॉटेलात राहा ना, यार!" लेकीचं बरोबर. सोसायटीचे सेक्रेटरीही आवारात ठेवायला नाही म्हणाले. विलासने मोबाईल उपडा ठेवला. वाईट वाटलं, पण...

१३ जाने.
आज भांडलेच. "कुणासाठी चाललंय हे सगळं?"
कांदा चिरता चिरता म्हणाला, "तुझ्यासाठी. ऑपरेशन झाल्यापासून माहेरी गेली नाहीस. भाचीच्या लग्नाला गुडघा दुखतो म्हणालीस. गुडघा नव्हता गं तो."
नव्हताच. मला सारखं जावं लागतं, आणि हायवेवरचे ते संडास... त्या धास्तीने मुलुंड सोडलं नाही. कुणाला बोलले नाही. वाटलं, याच्याही लक्षात आलं नसेल.
"मग बोलला का नाहीस?"
"तू बोलली नाहीस ना. म्हटलं, तुला नको असेल."
त्याच्या हातून सुरी घेतली. उरलेला कांदा मीच चिरला.

१७ जाने.
मालक म्हणतो, विकत घेण्याआधी चार दिवस भाड्याने न्या. मोकळ्या मैदानात रिव्हर्सही शिकवेल. उकाडा आहेच. जागेचं काय, तेही आहेच. फायबरला तडा गेला तर कोण सांधणार, माहीत नाही. तरी...

१८ जाने., रवि.
माहेरी, मालवणला दादाला फोन लावला. बऱ्याच दिवसांनी, आपणहून. सगळं सांगितलं, संडासासकट. तो म्हणाला, "फायबरच मां? आमची होडी फायबरचीच. तडो गेलो तर हय सांदून देतत."
विचारलं, "अंगणात मावात काय रे?"
"ता मगे बघूया. तू येतंस काय, ता सांग."
विलास दारात उभा, कान इकडेच.
"थांब, इचारून सांगतंय," म्हटलं.
कुणाला विचारणार होते, कोण जाणे.