मधलं अक्षर

१२ जून १९६१, उमरगा
तुळजापूरहून सकाळच्या मोटारीनं पोचले. कन्याशाळेची मुख्याध्यापिका म्हणून पहिलाच दिवस. खोली हमरस्त्याला लागून आहे. हैदराबादचे ट्रक गेले की फळीवरची भांडी वाजतात. तरी आवडली. शेजारच्या हरणाबाईंनी न मागता भाकरी आणि शेंगाची चटणी आणून दिली. माझं नाव चारुशीला म्हटल्यावर म्हणाल्या, एवढं लांब आमच्यानं व्हायचं न्हाय, आमी बाईच म्हनू. सांधे मात्र धरलेलेच. खडू दोनदा हातातून पडला. मुली हसल्या नाहीत, त्याचंच वाईट वाटलं.

३ ऑगस्ट
डॉक्टर शिवलिंगप्पांनी संधिवात सांगितला. हिवतापाच्या कडू गोळ्या हल्ली सांध्यांनाही लागू पडतात म्हणाले. रोज एक. गुण यायला दोन महिने लागतील.

१९ नोव्हेंबर
आज वेणी माझी मी घातली. चार वर्षांनी! थंडीत पुन्हा दुखू नये म्हणून दोन-दोन घेते. डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

६ फेब्रुवारी १९६३
कंदिलाभोवती रंगीत कडं दिसतं. थकवा असेल. तपासायच्या वह्या तशाच पडल्यात.

२२ जुलै
हजेरी घेताना ‘शारदा’मधला र दिसेना. वाटलं, शाई उडाली. मग ‘कमल’मधला म गेला. नजर जरा बाजूला नेली की अक्षर जागेवर असतं. नेमकं त्याच्याकडे बघितलं की नसतं.

४ ऑगस्ट
सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. गोळ्यांची बाटली त्यांनी उजेडात धरून वाचली. डोळ्याचा पडदा या गोळ्यांनीच खराब होतोय, आजच बंद करा म्हणाले. दोन-दोन घेतल्याचं कबूल केलं. गेलेलं परत येणार नाही.

१० डिसेंबर
बंद करून चार महिने झाले. नजरेच्या मधोमध पडलेला खड्डा वाढतोच आहे. औषध अंगात मुरलंय म्हणतात. वर्गात वेण्या दिसतात, रिबिनी दिसतात, बाकावरचे हात दिसतात. तोंडं नाहीत. चाळीस मुली, आणि एकीलाही —

२ जानेवारी १९६४
सांधे परत धरले. शाळेनं रजेवर पाठवलं. बरं वाटलं. खूप दमले आहे.

९ जानेवारी
दुपारी दारात कुणीतरी उभं होतं. वर पदर, खाली पातळ, मध्ये काहीच नाही. मी ओरडले.
“बाई, म्याच हाय की! हरणाबाई! तोंडाला हात लावून बघा.”
लावला. बोटं उघडेचनात. मुठीला काय कळतंय — नाक, की गाल, की —

११ जानेवारी
डोळे जाणारच. बंद करूनही जातायत. मग हात तरी — आंधळीला बोटं नकोत का.
बाटलीत आहेत अजून.
दोन घेतल्या. पाणी न पिता.
ओळी एकमेकींवर चढत असतील. चढू देत. बोटं सुटली की आधी हरणाबाईंना समोर बसवीन, आणि त्यांचं तोंड कपाळापासून —